ओल संपली तेव्हा : युरोपच्या 2003 च्या उन्हाळ्याचा प्रकरण अभ्यास

बाझेल, जिनिव्हा, बर्न आणि झ्युरिक या चार स्विस शहरांत 1864 पासून तापमानाच्या नोंदी सलग ठेवलेल्या आहेत. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांची सरासरी काढली की जवळपास दीडशे उन्हाळ्यांचे ठिपके एका घंटेच्या आकाराच्या वक्रात नीट बसतात. त्यांतला 2003 चा ठिपका मात्र एकटाच दूर उजवीकडे पडलेला दिसतो. जुन्या सरासरीपेक्षा तो 5.1 अंश सेल्सिअसने जास्त होता, म्हणजे पाच प्रमाण विचलनांहूनही (वर्षावर्षातल्या नेहमीच्या चढउताराचं माप) लांब. ईटीएच झ्युरिक या विद्यापीठातले क्रिस्टोफ शेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये 'नेचर'मध्ये हा आलेख छापला. असा उन्हाळा किती वर्षांतून एकदा यावा याचंही गणित त्यांनी मांडलं. 1990 नंतरच्या, आधीच तापलेल्या वर्षांचा आधार धरूनही उत्तर आलं सुमारे 46 हजार वर्षं. एवढा मोठा आकडा आला की तो सांगण्यापेक्षा त्यामागचं गृहीतक तपासायला घ्यावं. तसंच झालं.

या लेखात त्या तपासणीचा एक धागा घेतला आहे. उष्णतेची लाट आकाशातून येते हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती किती वर चढेल हे ठरवण्यात पायाखालच्या मातीचा हात किती असतो? 2003 चं प्रकरण हाती नसतं तर हा प्रश्न बहुधा तज्ज्ञांच्या चर्चेतच राहिला असता.

काय घडलं

जून 2003 मध्ये मध्य युरोप तापला, जुलैत थोडा सैल पडला आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उष्म्याने कहर केला. इंग्लंडमधल्या फॅव्हर्शॅम इथे 10 ऑगस्टला 38.5 अंश नोंदले गेले. दुसऱ्या दिवशी स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडच्या ग्रोनो गावात पारा 41.5 वर गेला. जर्मनीत कार्ल्सरुहं आणि फ्रायबुर्ग यांनी चाळिशी ओलांडली. चंद्रपूर-नागपूरच्या वाचकाला हे आकडे किरकोळ वाटतील. पण तिथली घरं थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेली होती, पंखेही फारसे नव्हते, आणि पॅरिसमध्ये ऑगस्ट म्हणजे सुट्टीचा महिना. एकट्या फ्रान्समध्ये ऑगस्टच्या पहिल्या वीस दिवसांत नेहमीपेक्षा सुमारे 15 हजार मृत्यू जास्त झाले, त्यात वयस्कर लोक फार. पुढे 16 देशांच्या नोंदी एकत्र केल्यावर त्या उन्हाळ्यातले जादा मृत्यू 70 हजारांहून अधिक निघाले. पोर्तुगालची जंगलं पेटली. नद्यांचं पाणी इतकं कोमट झालं की फ्रान्सच्या काही अणुवीज केंद्रांना उत्पादन आवरतं घ्यावं लागलं. युरोपभर वनस्पतींची वाढ सुमारे 30 टक्क्यांनी घटली. एरवी हवेतला कार्बन शोषणारी रानं-कुरणं त्या वर्षी उलट कार्बन सोडू लागली.

आकाशाने जे सांगितलं

पहिलं स्पष्टीकरण हवामानाच्या नकाशावरच दिसत होतं. पश्चिम युरोपावर जास्त दाबाचं क्षेत्र दिवसेंदिवस ठाण मांडून बसलं होतं. अशा क्षेत्रात हवा वरून खाली उतरते, दाबली जाते आणि तापते. ढग टिकत नाहीत, ऊन थेट जमिनीवर येतं, आणि अटलांटिकवरून येणारी पावसाळी वादळं उत्तरेला वळसा घालून जातात. आपल्याकडच्या बातम्यांत राजस्थानातून येणाऱ्या उष्ण वाऱ्यांना जी जागा असते ती तिकडे सहारावरून येणाऱ्या हवेला असते. यात चूक काही नाही.

दुसरं स्पष्टीकरण तापत्या जगाचं होतं. ब्रिटनचे पीटर स्टॉट आणि सहकारी यांनी 2004 मध्येच दाखवलं की माणसाने सोडलेल्या वायूंमुळे अशा उन्हाळ्याची शक्यता किमान दुप्पट झाली असणं फार संभवनीय आहे. एका विशिष्ट घटनेचा दोष असा मोजून मांडण्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी हे एक.

पण या दोन्हींनी हिशेब पुरता जुळत नव्हता. जास्त दाबाची क्षेत्रं आधीही येऊन गेली होती. जगाचं तापमान तोवर अंशभरही वाढलेलं नव्हतं आणि उन्हाळा मात्र पाच अंशांनी उसळला होता. ही उसळी कुठून आली? शेअर यांच्या गटाचं म्हणणं होतं की सरासरी सरकण्यासोबत वर्षावर्षातला चढउतारही रुंदावतो आहे. त्यांच्या संगणकावरच्या हवामान मॉडेलनुसार उत्सर्जन चढत राहिलं तर शतकाच्या अखेरीस युरोपातला साधारण प्रत्येक दुसरा उन्हाळा 2003 इतका किंवा त्याहून तापट असेल. मग प्रश्न आला की चढउतार रुंदावतो कशामुळे. इथे ईटीएचच्याच सोनिया सेनेविरत्ने यांचं काम सुरू होतं. जमीन आणि वातावरण यांच्यातली देवाणघेवाण आणि तिचा टोकाच्या हवामानाशी असलेला संबंध हा त्यांचा विषय.

एक मिलिमीटर पाण्याची किंमत

जमिनीवर पडलेल्या उन्हाचा एक भाग परावर्तित होतो, काही विकिरणाने निसटतो आणि थोडा मातीत खोल जातो. उरलेल्याला दोनच वाटा असतात. एक तर तो मातीतलं आणि पानांतलं पाणी वाफ करण्यात खर्च होतो, नाहीतर वरची हवा तापवतो. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो पहिल्या वाटेवरचा. माठातलं पाणी गार राहतं ते याच पहिल्या वाटेमुळे, आणि बाहेरून कोरडा पडलेला माठ गार करत नाही तो याच कारणाने.

थोडा आकडेमोडीचा खेळ करू. एक चौरस मीटर जमिनीवरून एक मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे एक लिटर उडालं. त्यासाठी साधारण 24.5 लाख जूल ऊर्जा लागते. चोवीस तासांवर पसरली तर ती चौरस मीटरमागे सुमारे 28 वॉट भरते. मध्य युरोपातलं ओलं कुरण उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी चार मिलिमीटर पाणी सहज सोडतं. ओल संपून हा आकडा एकवर आला, तर तीन मिलिमीटरची म्हणजे 85 वॉटची ऊर्जा मोकळी होते आणि हवा तापवायला लागते. ती सगळीच्या सगळी जमिनीलगतच्या दोन किलोमीटर जाडीच्या हवेत अडकून राहिली, तर एका दिवसात ती हवा तीन अंशांहून जास्त तापेल. प्रत्यक्षात सगळी अडकत नाही, वाऱ्याबरोबर आणि विकिरणाने काही निसटते, त्यामुळे हा कच्चा हिशेब आहे. तरी पल्ला ध्यानात येतो. माणसाने बदललेल्या वातावरणाचा जागतिक सरासरी ऊर्जाभार चौरस मीटरमागे तीन वॉटांहूनही कमी आहे. दोन्हींची थेट तुलना करू नये, कारण एक सगळ्या पृथ्वीवर, बाराही महिने आणि दशकानुदशकं चालणारा आहे, तर दुसरा एका प्रदेशात काही आठवड्यांपुरता. पण ऐन लाटेच्या आठवड्यात पारा कुठे जाईल हे ठरवताना 85 वॉटांकडे काणाडोळा करून चालणार नाही.

हे चक्र स्वतःलाच पोसतं. हवा तापली की तिची तहान वाढते आणि ती मातीतून आणखी पाणी ओढते. पाणी कमी झालं की थंडावा घटतो आणि हवा आणखी तापते.

वसंतातच सुरू झालेली गोष्ट

त्या वर्षी फेब्रुवारीपासूनच मध्य युरोपाच्या मोठ्या भागात पाऊस तुटका होता. आकाश निरभ्र राहिल्याने ऊन जास्त मिळालं. वसंत उबदार गेला आणि झाडं-गवत लवकर हिरवं झालं. लवकर आलेली पानं लवकर पाणी ओढायला लागतात. म्हणजे पावसाकडून आवक कमी आणि पानांकडून खर्च जास्त, अशी दुहेरी ओढ मे महिन्यापर्यंत मातीवर पडली. जूनमध्ये जास्त दाबाचं क्षेत्र येऊन बसलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी जमिनीतली ओल आधीच खालावलेली होती. हिरवागार वसंत पाहून खूश झालेल्या माणसाला यातलं काहीही दिसलं नसणार.

यात मातीचा वाटा वेगळा कसा काढायचा? 2003 चा उन्हाळा पुन्हा घडवून, या वेळी माती ओली ठेवून पाहता येत नाही. मॉडेलमध्ये मात्र येतं. एरिख फिशर, सेनेविरत्ने, शेअर आणि सहकारी यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा होता. युरोपापुरतं एक प्रादेशिक हवामान मॉडेल घेतलं. त्याच्या कडांना 2003 मध्ये प्रत्यक्षात जशी हवा वाहत होती तशीच भरवली, म्हणजे मोठ्या प्रवाहांचं चित्र सगळ्या प्रयोगांत एकच राहिलं. बदलली फक्त वसंतातली मातीची ओल. एकदा जास्त, एकदा कमी. मग मॉडेलला पुढे जाऊ दिलं.

निष्कर्ष असा की मातीत ओलीची तूट नसती, तर काही भागांत उन्हाळ्याचा जादा उष्मा सुमारे 40 टक्क्यांनी कमी भरला असता. ही बातमी पुढे सांगताना दोन शब्द हमखास गळतात. एक, 'काही भागांत'. दुसरा, 'जादा उष्मा'. 40 टक्के हे तापमानाचे नव्हेत, सरासरीच्या वर जी उसळी होती तिचे आहेत. पाच अंशांच्या उसळीतले दोन म्हटलं तर नीट समजतं. आणि ग्रोनोसारख्या ठिकाणी 41 आणि 39 यांत फरक पडतो, विशेषतः सत्तरी ओलांडलेल्या माणसाला.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात या गटाने 1976, 1994, 2003 आणि 2005 असे चार उन्हाळे तपासले. माती आणि हवा यांचं नातं मॉडेलमध्ये तोडून टाकलं, म्हणजे मातीची ओल अनेक वर्षांच्या सरासरीला बांधून ठेवली, की अतितप्त दिवसांची संख्या एकदम घसरायची. त्यांच्या हिशेबाने अशा दिवसांपैकी 50 ते 80 टक्के दिवस या नात्याच्या खात्यावर जातात. आकडा मोठा दिसतो, कारण दिवस उंबरठ्यावर मोजले जातात. पारा अंशा-दोन अंशांनी हलला तरी उंबरठ्याच्या अलीकडचे पुष्कळ दिवस पलीकडे जातात.

आणखी एक गोष्ट त्या पहिल्या प्रयोगात निघाली, जी मला टक्केवारीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. कोरडी माती वरच्या आकाशालाही हलवते. तापलेल्या जमिनीवर पृष्ठभागालगत दाब कमी होतो आणि काही किलोमीटर वर जास्त दाबाची कमान आणखी पक्की होते. म्हणजे ज्या आकाशाने लाट आणली त्याच आकाशाला माती खालून टेकू देत होती. आकाशाचा वाटा किती आणि मातीचा किती अशी निखळ वाटणी मग करता येत नाही.

वजनावर ठेवलेलं कुरण

मॉडेलवर शंका घेणारा वाचक रास्त असतो. अशा वाचकासाठी ईशान्य स्वित्झर्लंडमध्ये रिटहोल्ट्सबाख नावाचं एक छोटं खोरं आहे. आल्प्सच्या पायथ्याकडच्या टेकड्यांत, थुर नदीच्या वरच्या अंगाला, क्षेत्रफळ जेमतेम 3.31 चौरस किलोमीटर. वर्षाला सुमारे 1450 मिलिमीटर पाऊस. तिथे 1976 पासून एक लायसिमीटर चालू आहे. जमिनीत बसवलेलं दोन मीटर व्यासाचं, अडीच मीटर खोल गोल पात्र, त्यात मातीचा खांब, वर आजूबाजूला आहे तसंच गवत, आणि हे सगळं काट्यावर. पाऊस पडला की वजन वाढतं, पाणी उडालं की घटतं. खालून झिरपणारं पाणी वेगळं मोजलं जातं. पात्राचं क्षेत्रफळ 3.14 चौरस मीटर, म्हणजे एक मिलिमीटर पाणी उडालं की काटा 3.14 किलो कमी दाखवणार. बाष्पीभवन मोजायचं याहून सरळ साधन क्वचितच असेल, आणि इतकी दशकं अखंड चाललेली अशी नोंद तर दुर्मीळच. या जेमतेम तीन चौरस मीटर गवतावरून मोठ्या प्रदेशाबद्दल बोलावं का, ही शंका संशोधकांनी आधी स्वतःच घेतली. पात्रातून झिरपणारं पाणी आणि सगळ्या खोऱ्याचा ओढा यांची महिन्यागणिक चाल जुळते हे तपासून मगच ते पुढे गेले.

सेनेविरत्ने आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये इथल्या 32 वर्षांच्या नोंदी 2003 च्या अंगाने चाळल्या. त्यात जे निघालं ते त्यांच्या स्वतःच्या आधीच्या गोष्टीत पुरतं बसत नव्हतं. वसंतातल्या पावसाच्या तुटीमुळे माती कोरडी पडली आणि मग उन्हाळा भडकला, हा क्रम या जागी लागू होत नव्हता. या खोऱ्यातली माती मुख्यतः जूनमध्ये झपाट्याने सुकली, आणि त्यात त्या महिन्यातला अपुरा पाऊस जितका होता तितकाच नेहमीपेक्षा वाढलेल्या बाष्पीभवनाचाही हात होता. ओल्या जमिनीने कडक उन्हाला भरभरून पाणी दिलं, तेवढ्यापुरता गारवाही दिला, आणि त्याच औदार्याने ती पुढच्या आठवड्यांसाठी रिकामी झाली.

हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. दुष्काळ म्हटला की आपण पावसाची आकडेवारी काढतो. इथे काट्याने दाखवलं की खर्चाची बाजूही दुष्काळ घडवू शकते. हवा जसजशी तापेल तसतशी ही खर्चाची बाजू जड होत जाणार, पाऊस तेवढाच राहिला तरीही.

रान आणि गवत

याच खर्चाचा आणखी एक पैलू रायान ट्यूलिंग, सेनेविरत्ने आणि बऱ्याच देशांतल्या संशोधकांनी 2010 मध्ये मांडला. युरोपभर जंगलांत आणि कुरणांत मनोरे उभे आहेत, जे हवेतली वाफ आणि उष्णता किती वर जाते ते सतत मोजतात. उष्णतेच्या लाटांच्या काळातल्या या नोंदी शेजारी ठेवल्या तर अपेक्षेच्या उलट चित्र दिसलं. लाटेच्या सुरुवातीला जंगलावरची हवा कुरणावरच्या हवेपेक्षा दुप्पट उष्णता घेत होती. गवत ऊन वाढलं की जास्त पाणी सोडतं, त्यामुळे त्याच्यावरची हवा सुरुवातीला तुलनेने थंड. झाडं हात राखून पाणी खर्च करतात.

लाट लांबली की पारडं फिरतं. गवताखालची ओल संपते आणि कुरण एकाएकी तापू लागतं. जंगलाने राखलेलं पाणी अजून शिल्लक असतं. म्हणजे चार दिवसांच्या लाटेत गवत बरं आणि चार आठवड्यांच्या लाटेत रान बरं. 'झाडं लावा, उष्मा घालवा' या घोषणेला विरोध करण्याचं कारण नाही, सावलीचा उपयोग आहेच. पण कोणती झाडं, कशा मातीत, किती दिवसांच्या लाटेसाठी, हे न विचारता ती घोषणा विज्ञान म्हणून खपवू नये.

रात्री कुठे जाते ती उष्णता

एक कोडं तरीही उरलं होतं. रोज सूर्य मावळतो, जमीन थंड होते. मग लाट दिवसागणिक चढत कशी जाते? डिएगो मिरालेस, ट्यूलिंग आणि सहकारी यांनी 2014 मध्ये 2003 चा युरोप आणि 2010 चा रशिया असे दोन प्रसंग घेतले. दुसऱ्यात सुमारे 55 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. हवामान फुग्यांनी मोजलेली वरच्या हवेची तापमानं आणि उपग्रहांवरून काढलेली मातीची स्थिती त्यांनी एकत्र केली.

कोरड्या जमिनीवर दिवसा हवा जोरात घुसळली जाते आणि तापलेला थर खूप उंच जातो, कधी कधी चार किलोमीटरपर्यंत. रात्री जमिनीलगत थंड हवेचा पातळ थर तयार होतो, पण त्याच्या वर दिवसाची उष्णता तशीच लटकून राहते, जमिनीपासून तुटलेली. जमिनीला ती रात्री परत घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की घुसळण पुन्हा वर पोचते आणि कालची उष्णता खाली ओढून घेते. आजच्या उष्णतेत कालची आणि परवाची शिल्लक मिसळते. मातीची ओल घटत जाणं आणि वर उष्णता साठत जाणं हे दोन्ही एकाच वेळी चाललं, म्हणून ते प्रसंग इतके टोकाला गेले.

सगळीकडे असंच असतं का?

नाही, आणि हे न सांगता 2003 ची गोष्ट सांगणं धोक्याचं आहे. जमीन सतत भिजलेली असेल, तर ओल थोडी कमी-जास्त झाल्याने बाष्पीभवन बदलत नाही, ते उन्हावर ठरतं. जमीन पुरती कोरडी असेल तर बदलायला काही उरलेलंच नसतं. मातीचा शब्द चालतो तो या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. मार्टिन हिर्शी, सेनेविरत्ने आणि सहकारी यांनी 2011 मध्ये हवामान केंद्रांच्या नोंदींवरून हे दाखवलं. आग्नेय युरोपात पाऊस कमी झालेल्या वर्षांत अतितप्त दिवस स्पष्टपणे वाढतात, ओलसर मध्य युरोपात तितके नाही. त्याआधी 2006 मध्येच सेनेविरत्ने यांच्या गटाने मॉडेलवरून म्हटलं होतं की तापत्या जगात हा मधला पट्टा उत्तरेकडे सरकेल आणि मध्य व पूर्व युरोप त्यात सापडतील. तिथल्या उन्हाळ्यांचा वाढता चढउतार प्रामुख्याने त्यामुळेच असेल.

भारत या नकाशावर पहिल्यापासून आहे. नासाचे रँडल कोस्टर यांनी डझनभर मॉडेल गटांना एकत्र घेऊन 2004 मध्ये एक तुलना केली. जून ते ऑगस्टमध्ये मातीची ओल पावसावर जास्तीत जास्त कुठे परिणाम करते, असा प्रश्न होता. अमेरिकेची मधली सपाट मैदानं, आफ्रिकेतला साहेल, विषुववृत्तीय आफ्रिका आणि भारत अशी उत्तरं आली.

मात्र विदर्भाच्या मे महिन्याला युरोपच्या 2003 चा साचा जसाच्या तसा लावू नये. मेमध्ये उघड्या पडलेल्या, भेगाळलेल्या कोरडवाहू रानात बहुतेक ओल दरवर्षीच संपलेली असते. तिथे एका सालात आणि दुसऱ्यात मातीमुळे पडणारा फरक मर्यादितच राहणार. फरक पडतो तो जिथे पाणी दिलं जातं तिथे. विम थिअरी, सेनेविरत्ने आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये हिशेब मांडला की सिंचनाच्या विस्ताराने जगात सुमारे शंभर कोटी लोकांच्या वाट्याला येणाऱ्या अतितप्त दिवसांची वाढ रोखून धरली आहे, आणि त्यात दक्षिण आशिया ठळक आहे. ही आनंदाची बातमी वाटते तोच आयआयटी गांधीनगरचे विमल मिश्रा आणि सहकाऱ्यांचा त्याच वर्षीचा निष्कर्ष समोर येतो. सिंचनाने गंगेच्या मैदानात दिवसाचं तापमान उतरतं, पण हवेतला दमटपणा वाढतो आणि घाम सुकेनासा होतो. पारा कमी दाखवतो आणि बांधावरच्या मजुराच्या अंगाला ताप जास्तच होतो. युरोपातल्या या अभ्यासांत मातीच्या ओलीचा हिशेब पाऱ्यावर मांडलेला आहे, दमटपणावर नाही. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही.

पुढे काय झालं

या सगळ्या कामातून काही गोष्टी प्रत्यक्ष व्यवहारात आल्या. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या 2021 च्या अहवालात टोकाच्या घटनांवरच्या प्रकरणाच्या समन्वयक लेखकांमध्ये सेनेविरत्ने होत्या. पूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारा अतितप्त प्रसंग आता 2.8 पट वारंवार येतो आणि दोन अंश तापलेल्या जगात 5.6 पट येईल, हे बहुचर्चित आकडे त्याच अहवालातले.

शेतीकडूनही एक सूचना आली. एदुआर दावँ, सेनेविरत्ने आणि सहकारी यांनी 2014 मध्ये दाखवलं की कापणीनंतर नांगरट न करता धसकटं तशीच ठेवली तर फिकट जमीन जास्त ऊन परतवते, आणि अगदी तापलेल्या दिवसांत स्थानिक पारा सुमारे दोन अंशांनी उतरू शकतो. सरासरी हवामानावर परिणाम जवळजवळ नाही, फक्त टोकाच्या दिवसांवर. धसकटं काढून टाकायची घाई सगळीकडेच असते, तेव्हा हा मुद्दा निदान विचारात घ्यावा असा आहे.

हंगामी अंदाजाचं म्हणाल तर 2003 मध्ये तो साफ हुकला होता. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रातल्या संशोधकांनी पुढे आपल्या मॉडेलमधली जमिनीतल्या पाण्याची, ढगांच्या घुसळणीची आणि विकिरणाची मांडणी सुधारली आणि तोच उन्हाळा पुन्हा चालवून पाहिला, तेव्हा तापट उन्हाळ्याची चाहूल लागली.

उलट बाजूचा पुरावाही आहे. रोबेर वोतार आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये दाखवलं की पश्चिम युरोपातल्या उष्णतेच्या टोकाच्या घटना मॉडेल सांगतात त्याहून वेगाने वाढत आहेत आणि त्याचं मोठं कारण वाऱ्यांच्या प्रवाहातला बदल आहे. मातीची बाजू लावून धरणाऱ्यांना पुन्हा आकाशाकडे पाहायला लावणारा हा निष्कर्ष आहे, आणि त्यात वावगं काही नाही.

याच वोतार यांचा सेनेविरत्ने, हिर्शी आणि बेंजामिन केसादा यांच्यासोबतचा 2012 चा लेख मला या प्रकरणातला सगळ्यांत उपयोगी वाटतो. त्यांनी विचारलं की दक्षिण युरोपातला हिवाळा आणि वसंत कसा गेला यावरून पुढच्या उन्हाळ्याबद्दल काही सांगता येतं का. उत्तर एकतर्फी निघालं. हिवाळा-वसंत ओला गेला असेल, तर पुढे फार अतितप्त दिवस येत नाहीत, मग आकाश काहीही करो. कोरडा गेला असेल, तर मात्र दोन्ही शक्य असतं. लाटही येते आणि साधा उन्हाळाही जातो. ते त्या वर्षी जास्त दाबाचं क्षेत्र कुठे बसतं त्यावर ठरतं. मे महिन्यात माती कोरडी दिसली म्हणून लाट येणारच असं सांगता येत नाही, पण ओली दिसली तर मोठी लाट सहसा येणार नाही एवढं मात्र बऱ्याच खात्रीने सांगता येतं.